छगनच्या कोंबड्याची पारख

बमरोलीच्या चाळींत कुणाची कोंबडी अंड्यांवर बसेना, कुणाचा कोंबडा मान टाकायला लागला, की लोक उखाला हाक मारत. सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला येण्याआधी धुळ्याकडच्या एका कोंबडीपालन केंद्रात त्यानं आठ वर्षं दाणापाणी केलं होतं. तिथल्या डॉक्टरांची पारख त्यानं बघून बघून उचलली होती. कामरेजजवळ हिवाळ्यात मेळा भरे, त्यात घरच्या कोंबड्यांची स्पर्धा असे. तिथं नेण्याआधी पक्षी उखाच्या हातात द्यायची रीतच पडली होती. तुरा, डोळे, पायांचे खवले, बोटं बघून तो शेवटी छातीवरून हात फिरवी आणि ने किंवा नेऊ नको, एवढंच सांगे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मागच्या गल्लीतल्या छगननं त्याला बोलावलं. वर्षापूर्वी छगनचा उजवा हात लूमच्या पट्ट्यात सापडून कायमचा अधू झाला होता. बायको शोभाबाई साड्यांचे धागे कापून घर चालवी. हा दिवसभर घरात बसून कुढायचा. मग त्यानं एक पिल्लू वाढवायला घेतलं, आणि शोभाबाई सांगायची की तेव्हापासून माणूस निदान बोलायला तरी लागला.

कोंबडा दिसायला देखणा होता. तांबडा, भरदार, तुरा ताठ. उखानं त्याला उचलून छातीखाली बोटं घातली आणि त्याचा हात थांबला. मधलं हाड डावीकडे वळलेलं होतं. त्यानं खुराड्यात पाहिलं. बसायला लोखंडाची बारीक सळई होती. लहानपणापासून अशा सळईवर बसलं की हाड वाकतं.

"ही मीच लावली, एका हातानं," छगन म्हणाला. मग अहिराणीत विचारलं, "भाऊ, कसा शे मना कोंबडा?"

दारात शोभाबाई उभी होती. उखानं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ने."

मेळ्यात परीक्षक एक गुजराती डॉक्टर होते. छगनच्या कोंबड्यापाशी ते बराच वेळ थांबले, तेव्हा गर्दीत उभ्या उखाचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरांनी कोंबडा उचलला, छाती चाचपली आणि जमलेल्यांना दाखवत म्हणाले, "आनुं हाडकुं वांकुं छे." मग सळईवर बसवणाऱ्यांच्या अडाणीपणावर ते बरंच बोलले. आधी कुणाला दाखवला नव्हता का, असंही त्यांनी विचारलं. छगननं मान खाली घातली. उखाचं नाव त्यानं घेतलं नाही. उखाही पुढे झाला नाही.

परतीच्या टेम्पोत छगन कोंबड्याची टोपली मांडीवर घेऊन बसला होता. उधना येईपर्यंत उखानं कसाबसा धीर धरला.

"छगन, ते वाकडं हाड मला त्या दिवशीच हाताला लागलं होतं."

छगननं वर पाहिलं नाही. "घरात सांगितलं असतं तर मी सळई बदलली असती," तो म्हणाला. "चारचौघांत डॉक्टरला कशाला बोलू दिलं?"

दुसऱ्या दिवशी सळईच्या जागी लावायला रुंद फळी घेऊन उखा छगनच्या घरी गेला. शोभाबाईनं ती घेतली, पण आत ये म्हणाली नाही.

पुढे लोक कोंबड्या आणत राहिले. उखा आता दोष असेल तर तोंडावर सांगू लागला, त्यावरून दोघाचौघांशी वाकडंही आलं. त्याचं त्याला काही वाटलं नाही. छगन मात्र रस्त्यात दिसला की वळून दुसऱ्या गल्लीनं जाई, आणि त्याला थांबवायचं कसं, हे उखाला शेवटपर्यंत सुचलं नाही.