बिजलीचे कान

देवळाली कॅम्पातल्या आमच्या मुलींच्या शाळेत सावळीराममामा फाटकावर होते. त्याआधी अठरा वर्षं त्यांनी तोफांच्या सरावाच्या मैदानावर मजुरी केली होती. गोळे उचलायचे, निशाणं उभारायची. त्या कामात कान गेले. शाळेत नोकरी मागताना त्यांनी ते सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला फाटकावर कोण ठेवणार?

ते झाकून राहिलं ते बिजलीमुळे. बिजली म्हणजे त्यांची तांबडी कुत्री. मामा तिच्या कानांकडे बघत बसायचे. उजवा कान उभा राहिला की फाटक वाजलं, दोन्ही राहिले की मोटार आली, शेपटी हलली की कुणी ओळखीचं. मग मामा उठायचे. मुलींना वाटे, काय तिखट कानाचा माणूस! खरं काय ते स्वयंपाकघरातल्या सुमनबाईंना ठाऊक होतं, आणि मला. माझी आई तिथे शिकवायची आणि आम्ही फाटकालगतच राहायचो.

माणसांशी बोलताना मामांची नजर समोरच्याच्या ओठांवर खिळलेली असे, कपाळाला घाम येई. बिजलीशी मात्र ते दिवसभर बोलत, मोठ्या सपाट आवाजात. देवळ्याकडच्या आपल्या गावातल्या कांद्याबद्दल, वारलेल्या बायकोबद्दल. तिथे उत्तर चुकायची धास्ती नव्हती.

तोफा सुरू झाल्या की बिजली खाटेखाली शिरायची. मामांना तो हादरा तळपायांतून कळे. ते वाकून तिला थोपटत बसत. ब्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी खिडक्यांच्या काचा थरथरल्या, निलगिरीवरचे कावळे एकदम उडाले. मामा खाटेखाली वाकले. खाली कुणीच नव्हतं. बिजली फाटकाजवळ उन्हात पाय ताणून झोपली होती.

त्या दिवसापासून मामांना बसवेना. खुर्चीतून उठायचे, फाटकापर्यंत जायचे, रस्ता बघायचे, परत यायचे. टेकतात न टेकतात तोच पुन्हा उठायचे. सुमनबाईंनी आणून ठेवलेल्या चहावर साय धरायची. आठवड्यात त्यांचे गाल बसले.

आणि ज्या दुपारी ते जरा टेकले, त्याच दुपारी संस्थेचे सेक्रेटरी आले. त्यांनी फाटकाची साखळी किती वेळ वाजवली! शेवटी मीच धावत जाऊन उघडलं.

"झोपला होतास काय रे?"

मामांनी ओठ वाचले. "व्हय साहेब. डोळा लागला."

"पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस बघतो."

ते आत गेल्यावर सुमनबाई बाहेर आल्या आणि मामांच्या समोर उभ्या राहून सावकाश बोलल्या, "सावळीरामभाऊ, बराकीतल्या कुत्रीला पिल्लं झालीत. एक घेऊन या. हिला दारणा नदीपल्याड सोडा."

"मंग मलाबी तिकडंच सोडा की."

"तुमची गोष्ट निराळी."

"निराळी कशी, सुमनबाई? दोघांचं दुखणं येकच हाय."

"घ्या! जोडी बरी जमली," म्हणत त्या भांडी घासायला गेल्या, पण जाताना त्यांनी कालची भाकरी बिजलीपुढे टाकली.

त्या दिवशी मामांनी खोलीतली सगळी सुतळी बाहेर काढली. एक टोक फाटकाच्या साखळीला बांधलं, भिंतीतल्या खिळ्यांवरून ती खुर्चीपर्यंत आणली आणि दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. बिजलीला त्याच पायाशी निजवलं. मग मला म्हणाले, "जा, वाजव." मी साखळी हलवली. अंगठ्याला हिसका बसला, पायाने बिजलीच्या पोटाला ढोसलं, ती दचकून उठली. मामा हसले. मी त्यांना हसताना किती दिवसांनी पाहत होते.

पुढच्या सोमवारी सेक्रेटरी पुन्हा आले. साखळी हलली. बिजली ताडकन उभी राहिली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून जोरजोरात भुंकू लागली. मामांनी तिची मान धरून फाटकाकडे वळवली, अंगठ्यातली सुतळी सोडली आणि लगबगीने जाऊन फाटक उघडलं.

"कुत्रं तल्लख आहे हं तुझं," सेक्रेटरी म्हणाले.

मामांनी मान डोलावली. साहेब आत गेल्यावर खुर्चीत येऊन मामांनी सुतळी पुन्हा अंगठ्याला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि वाफ निघत असलेला चहा बशीत ओतला. अर्धा बिजलीला.