एका सुरातलं ‘होय’

चर्चमध्ये दृढीकरणाचा वर्ग घ्यायला लागले तेव्हाच ठरवलं होतं, की एका सुरातलं ‘होय’ बंद करायचं. आमच्याकडे तान्हेपणी बाप्तिस्मा झालेली मुलं दहावी-अकरावीत आली की सगळ्या मंडळीसमोर रांगेत उभी राहतात. पाळकसाहेब विश्वासाची वाक्यं वाचतात, विचारतात, ‘तुमचा यावर विश्वास आहे का?’ आणि रांग एकदम म्हणते, ‘होय, आहे.’ मीही तशीच म्हणाले होते. माझ्या शेजारची तर नुसते ओठ हलवत होती.

मी पत्रकांवर वाढले. वडील एसटी स्टँडवर येशूची पत्रकं वाटायचे, मी पिशवी धरायचे आणि बार्शीच्या गाडीला उशीर असला की उरलेली वाचत बसायचे. त्यांतला प्रश्न एकट्या माणसाला असायचा: तू कुठे चालला आहेस? घोळक्याला नाही. म्हणून यंदा पाळकसाहेबांच्या मागे लागले.

‘प्रत्येकाला वेगळं विचारा. श्रद्धा म्हणजे कवायत आहे का?’

‘बाई, तुझं डोकं फार तापट आहे,’ ते म्हणाले. पण ऐकलं.

बुधवारच्या वर्गात मी हे अभिमानानं सांगितलं. मुलं कुरकुरली आणि घरी गेली. एक मुलगी मागं राहिली. अकरावीतली, गाण्यात पुढं, कधी वाद न घालणारी.

‘ताई, हे काय करून ठेवलंत?’

‘का गं?’

‘सगळ्यांबरोबर असते तर गप्प राहिले असते की. कुणाला कळलं असतं?’

मग तिनं सांगितलं. दोन वाटांचं चित्र असलेलं पत्रक मीच वर्गात वाटलं होतं. अरुंद वाटेवर मोजकी माणसं, रुंद वाटेवर गर्दी, गर्दीच्या पुढं आग. तिची जिवाभावाची मैत्रीण मुसलमान, बालवाडीपासून एका बाकावरची.

‘त्या गर्दीत मी तिला शोधलं, ताई. येशू मला आवडतो. पण हे सगळं मान्य आहे का विचारलं तर होय कसं म्हणू? आणि नाही म्हटलं तर मम्मीचं काय होईल? पांढरी साडी आणून ठेवलीय तिनं. अकलूजहून मामा येणार आहे.’

मला बायबलमधली वचनं पाठ होती. ती तोंडापर्यंत आली आणि तिच्याकडं बघून परत गेली. ‘खोटं बोलू नकोस,’ एवढंच म्हणाले.

‘तुम्हाला सोपंय,’ ती म्हणाली आणि सायकल काढून गेली.

त्या दिवसांत मला एका जागी बसवेना. पाळकसाहेबांना सांगून जुनी पद्धत परत आणावी, तर तिला ओठ हलवायला मीच शिकवल्यासारखं. न सांगावं, तर तिला एकटीला पुढं ढकलून मी मागच्या बाकावर निवांत. चर्चच्या फाटकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. चीड स्वतःची होती, निघत होती घरच्यांवर.

रविवारी पाळकसाहेब एकेकापुढं थांबत आले. होय. होय. होय. तिच्यापुढं आले.

‘येशूवर आहे,’ ती म्हणाली. ‘बाकीचं अजून कळत नाही. खोटं नाही बोलणार मी.’

मागून कुणीतरी पुटपुटलं, ‘आगाऊ हाय की लई.’ पाळकसाहेब तिच्याकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, ‘बस, बाळ. पुढच्या वर्षी परत विचारीन.’ तिच्या डोक्यावर दृढीकरणाचा हात न ठेवता ते पुढच्या मुलाकडं गेले. दृढीकरण झालेल्यांनाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला बाकीच्या मुली उठल्या, ती पांढऱ्या साडीत एकटी बसून राहिली.

तिच्या घरचं जेवण ठरलेलं होतंच. मी गेले, न जाणं भ्याडपणाचं झालं असतं. तिच्या आईनं माझ्याकडं न बघता बिर्याणी वाढली.

‘पोरीला खरं बोलायला शिकवलं तुमी. लई उपकार झाले. आता पोटभर जेवा.’

मामा हसला. मी ताट संपवलं.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. साडी बदललेली, डोळे सुजलेले.

‘बुधवारी वर्ग आहे ना?’

‘तू येणार?’

‘येणार की. माझ्या मैत्रिणीचं काय ते तुम्ही सांगितलंच नाही.’

परवा बुधवार आहे. सकाळपासून मी पुस्तकं उघडतेय, मिटतेय. तिच्या डोळ्यांत बघून म्हणता येईल असं एक वाक्य मला अजून सापडलेलं नाही.