उपडा पेला
काढा उकळल्याचा कडवट वास आला की अकोल्याचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आई नव्हती. माझी पाळी तीन-तीन महिने यायची नाही, म्हणून बाबांनीच मला वैद्यबाईंकडे नेलं. पाळी येईपर्यंत रोज सकाळी काढा घ्यायचा होता. ‘पाळी’ हा शब्द बाबांच्या तोंडून कधी निघाला नाही, पण मी तोंड वाकडं केलं की स्वतः एक घोट घेऊन म्हणायचे, “पे माय, मीबी पेतो तुह्यासंग.” एका सकाळी पाळी आली. बाबांना सांगायचं कसं? मी पेला धुऊन ओट्यावर उपडा ठेवला. त्यांनी पाहिलं, काढ्याखालचा गॅस बंद केला आणि माझ्यासाठी गुळाचा चहा मांडला. बाबा गेले, आता अमरावतीत माझा काढा मीच उकळते. आज पेला उपडा ठेवला आणि उगाच मागे वळून पाहिलं.