आरूच्या आवाजाचं पथ्य

लेकरू आजारी असलं की घरात किस्से आपोआप साठतात बघा. त्या वेळी कुणाला हसू येत नाही. वर्षभरानं चार दोस्त दुकानात टेकले, चहा आला, की तेच रंगवून सांगायचे. मीही सांगतो, सगळ्यांबरोबर हसतो. पण माझी बायको मनीषा आसपास असली की मला सांगवत नाही.

माझं येरमाळ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार नुसती चालू करा, आवाजावरून काय बिघडलं ते सांगतो, असा माझा लौकिक. आणि घरच्या आवाजात मी पार फसलो!

*

आमची आरू जन्मली सास्तूरला, मनीषाच्या माहेरी. महिन्याची झाली आणि श्वास आत घेताना घशातून किर्रर्र असा आवाज यायला लागला. उताणी झोपली की जास्तच. दूध पिताना मधेच थांबायची, दम घ्यायची, परत प्यायची.

येरमाळ्याला आणल्यावर माझ्या आईनं पहिल्या दिवशीच निकाल देऊन टाकला. माहेरी लाड झाले, शिकरण खाल्लं, गार पाणी पिलं, त्याचाच कफ दुधातून लेकराच्या घशात उतरला! झालं. मनीषाचं केळं, दही, भात, काकडी सगळं बंद. राहिलं काय, तर भाकरी, शेपूची भाजी आणि कोमट पाणी. केळं म्हणजे तिचा जीव की प्राण. मी तिला म्हणालो, थोडे दिवस कळ काढ. दुसऱ्याला कळ काढायला सांगायला काय जातंय?

*

डॉक्टरला ऐकवायला म्हणून मी आरूचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला. दुकानात सारखा लावून ऐकायचो. मोटार घेऊन आलेले एक म्हातारे शेतकरी शेजारी बसले होते. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "लई दिवस चालवू नका मालक. बेरिंग गेलंय."

दुकानात कामाला असलेले दोघं पोट धरून हसले. मी शटर ओढलं आणि घरी गेलो. त्या दिवशी काम झालंच नाही माझ्याच्यानं.

*

धाराशिवला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बारीक नळी घालून बघितलं. आरूनं रडून दवाखाना डोक्यावर घेतला, म्हणून मनीषा तिला पाजायला बाहेर घेऊन गेली. आत मी एकटाच.

डॉक्टर म्हणाले, घशातलं मऊ हाड अजून कच्चं आहे, श्वास घेताना आत ओढलं जातं, त्याचा आवाज. बहुतेक लेकरांचं वर्ष-दीड वर्षात आपोआप भरून येतं. पाजल्यावर उभं धरा. ओठ निळे पडले, छाती आत ओढायला लागली किंवा वजन वाढेना, तर लगेच घेऊन या. मी पथ्याचं विचारलं. ते म्हणाले, "आईच्या खाण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तिला पोटभर जेवू घाला."

घरी आई दारातच उभी. पथ्याचं काय म्हणाले, विचारलं तिनं. शिकरणाची गोष्ट तिनं तोवर सगळ्या गल्लीत सांगितली होती. तिचं तोंड पाडायचं माझ्या जिवावर आलं. मनीषासमोर मी बोलून गेलो, "चालू ठेवा म्हणाले."

म्हटलं, चार दिवसांनी सांगू. चाराचे आठ झाले, आठाचे महिने. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड. ताट वाढलं की मी खाली मान घालून जेवायचो. लाज वाटायची हो, पण तोंड उघडत नव्हतं.

*

आरू आठ महिन्यांची असताना एसटीनं येडशीला लग्नाला निघालो. गाडी थांबली की आरूचा आवाज मागच्या सीटपर्यंत. शेजारच्या एक मावशी म्हणाल्या, लेकराला दमा हाय का?

"न्हाय मावशी," मनीषा म्हणाली. "माझ्या खाण्यानं झालंय." आणि माझ्याकडं बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं.

*

सव्वा वर्षाची झाली आणि एका दुपारी आरूचा आवाज बंद! पाळण्याला झोका देता देता आईच्या ध्यानात आलं. लेकरू श्वास घेईना म्हणून ती घाबरी झाली, पोरीला उचलून गदागदा हलवलं. आरू जागी झाली आणि तिनं असं भोकाड पसरलं की शेजारी पळत आले. तिची गाढ झोप मोडली होती, एवढंच. पुढं आठवडाभर आई दर घटकेला तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

*

मग आईनंच मनीषाला सांगितलं, आता काय पायजे ते खा. मी स्टँडवरून डझनभर केळी आणली. मनीषानं एक सोललं आणि हातात धरून बसली. खाईना.

आई देवळात गेली होती. मी म्हणालो, "मनीषा, डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, तुझ्या खाण्याचा काही संबंध नाही. मी खोटं बोललो."

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "लसीच्या वेळी सिस्टरला इचारलं होतं म्या. आरू चार महिन्यांची होती."

"मग इतके दिवस खाल्लं का न्हाईस?"

"तुमी कवा सांगताय, ते बघत होते," असं म्हणून तिनं ते केळं आरूला भरवलं.