तळ्यातला शेवटचा जिताडा

इथले धागे मी कँटीनमध्ये वाचतो, हसतो आणि ड्युटीवर जातो. भूत, हडळ, चकवा... यातलं मला काहीच पटत नाही, आजही नाही. रोह्याच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं शिफ्ट केल्या, अवेळी एकटा घरी आलो, वाटेत कुत्र्यांशिवाय कधी कोणी भेटलं नाही. तरी लिहितोय, कारण ही गोष्ट डोक्यातून जात नाही आणि मी आता फार थकलोय.

आमचं घर कासू स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. घरामागे परसात छोटं तळं आहे. आमच्याकडे अशी तळी बऱ्याच घरांमागे असतात. पावसाळ्यात खाडीवरून जिताड्याची पिल्लं आणून सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची. हा मासा आम्ही विकत नाही. मोठा पाहुणा आला की काढायचा, आणि जावयापेक्षा मोठा पाहुणा कोण? त्याला आपल्या तळ्यातला जिताडा वाढला, म्हणजे त्याला घरात घेतलं.

माझा जावई दोन वर्षांत आमच्याकडे एकदाही जेवला नव्हता. मुलीनं, सायलीनं, स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. मुलगा दीपक, रोह्याच्या पुढे डोंगराकडच्या वाडीतला, आमच्यातला नाही. मी लग्नाला गेलो नाही, नंतर तिचा फोनही उचलला नाही. मग फेब्रुवारीत तिनं आईला फोन केला – रविवारी दोघं येतो, येऊ का? सुनंदानं, माझ्या बायकोनं, फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येऊ दे. माफी मागायला माझी जीभ वळत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. जिताडा वाढणं तेवढं जमण्यासारखं होतं.

आणि नेमके तेव्हाच तळ्यातले जिताडे संपत आले होते.

आधी पाणकावळे आणि बगळे यायचे. त्यांच्यासाठी जुन्या कॅसेटची टेप बांधली, कंपनीचा जुना युनिफॉर्म घालून बुजगावणं उभं केलं. बगळा त्याच्याच खांद्यावर बसायला लागला. कंपनीतही माझं वजन साधारण तेवढंच आहे. मग ऊद आला, म्हणजे पाणमांजर. तळ्यातलं जादा पाणी नाल्यात सोडायला एक मोठा पाइप आहे, त्याच्या तोंडावरची जाळी कुजलेली, तिथून तो शिरायचा. बांधावर नुसती खवलं आणि मुंडकी सापडायची. शेवटी वडखळहून नायलॉनचं जाळं आणलं आणि सगळ्या तळ्यावर घट्ट ताणलं. ते पाण्याच्या फार जवळ बांधलं. जिताडा उडी मारतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं... पण माझ्या डोक्यात फक्त वरून येणारे पक्षी होते. दुसऱ्या दिवशी एक जिताडा कल्ले अडकून जाळ्यातच मेलेला. तो ना उदानं मारला ना बगळ्यानं. मी मारला.

आता एकच उरला. जाळं काढून टाकलं आणि मी बांधावर खुर्ची टाकून बसायला लागलो. रात्री ड्युटी, दिवसा राखण. पाइपाला नवी जाळी बसवायची होती, पण अंगात त्राण नव्हतं. रोज उद्यावर ढकलत होतो.

गुरुवारी सुनंदा सकाळीच पेणला डॉक्टरकडे गेली होती. साडेनऊ-दहा वाजले असतील, लख्ख ऊन. मी खुर्चीत पेंगत होतो. डोळा उघडला तर पाइपाच्या बाजूला एक माणूस पाण्याकडे तोंड करून उकिडवा बसलेला. डोक्यावरून टॉवेल, हातात काठी. शेजारच्या शेतात वाल उपटायला मजूर आले होते, त्यातलाच असेल असं वाटलं.

"कोनाकडचे तुम्ही?" मी विचारलं.

"रोह्याकडला," तो वळला नाही. "दादा, जावा, नीज काढा. मी हाय हितं."

"ऊद येतो हो इथं."

"नाय येयाचा. जावा तुम्ही."

अनोळखी माणसाच्या भरवशावर मासा टाकून मी आत गेलो आणि आडवा झालो. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. दुपारी उठलो तेव्हा बांधावर कोणी नव्हतं. पाइपाच्या तोंडावर मात्र बांबूच्या कामट्यांची नवी जाळी घट्ट बसवलेली होती. शेजाऱ्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "मजूर तर काल संध्याकालीच गेले. आज कोन नाय आला."

त्यानंतर ऊद आला नाही.

रविवारी सायली आणि दीपक आले. जेवायच्या आधी मासा काढायला दीपकच पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन तळ्यात उतरला. पाइपापाशी गेला आणि थांबला. जाळीवरून हात फिरवत राहिला.

"ही कोनी विनली, बाबा?"

मी जे होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "आमचा बा अशीच विनायचा. शेवटची कामटी उलटी घालायचा. वाडीत दुसरं कोन नाय तशी घालीत."

"मग त्यांनाही आणायचं ना सोबत," मी म्हणालो.

तो पाग सोडवायला लागला. बांधावरून सायली म्हणाली, "ते दिवाळीच्या आधीच गेले, बाबा. जाताना बोलले होते, एकदा तुझ्या आईबापांकडे जाऊन या. म्हणून आलो."

"मला कळवलं नाहीस?"

"कळवून तुम्ही आला असता?"

एक गोष्ट मी वर लिहिली नाही, लाज वाटली म्हणून. लग्नाआधी दीपकचे वडील बोलणी करायला आमच्या घरी आले होते. मी आत पलंगावर पडून राहिलो आणि सुनंदाला सांगायला लावलं की ड्युटीवर गेलेत. माझ्या चपला दारातच होत्या. ते मागे परसात गेले आणि तळ्याच्या बांधावर दोन तास बसून राहिले. सुनंदानं त्यांना चहा नेऊन दिला. मी खिडकीच्या फटीतून एकदा बघितलं. पाठ दिसली आणि डोक्यावरचा टॉवेल.

दीपकनं मोबाईलमधला वडिलांचा फोटो दाखवला. मी बराच वेळ बघत राहिलो. साधा, हसरा चेहरा. पण मला ओळखता येईना, दोन्ही वेळा मी पाठच पाहिली होती. सुनंदा त्यांना ओळखते, पण गुरुवारी ती पेणला होती. वाडीतलं दुसरं कोणी येऊन जाळी बसवून गेलं का, हे दीपकनं नंतर सगळ्यांना विचारलं. कोणीच आलेलं नव्हतं. जिताडा त्या दिवशी दीपकच्या पानात वाढला, त्याचे डोळे भरून आलेले मी पाहिले आणि मला जेवण गेलं नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर सांगा. मला एवढंच कळतं... तोच माणूस माझ्या दारी दोनदा येऊन बसला असेल, तर दोन्ही वेळा मी आत जाऊन झोपलो.