कापलेला पट्टा

फाटकवाली चपला पुढे सरकवत होती आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. चोरून-लपून नाही, चक्क सगळ्यांसमोर. कमरेत वाकली, पार मागचा एक जोड उचलला आणि तिसऱ्या नंबरला नेऊन ठेवला. झालं, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी चपलांचं सांगते. मिशनच्या त्या दवाखान्यात डॉक्टर फक्त बुधवारी यायचे. आठला बसायचे ते दोनला उठायचे, कारण पुढचं गाव वाट बघत असायचं. तेवढ्या वेळात चाळीस पेशंट व्हायचे, फारच ओढाताण केली तर बेचाळीस. येणारे मात्र साठ-सत्तर. उरलेल्यांनी आठ दिवस थांबायचं. अंगणात ऊन मी म्हणत असायचं, म्हणून लोक पायातल्या चपला दारासमोर ओळीने काढून ठेवायचे आणि स्वतः झाडाखाली जाऊन बसायचे. एक माणूस आत गेला की फाटकवाली ओळ पुढे सरकवायची. ज्याचा जोड दाराशी आला त्याने उठायचं. फाटकवाली म्हणजे साठीची, काटकुळी बाई. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. फाटकाजवळच्या खोलीत राहायची.

आणि मी कोण? सरकारी इस्पितळात छत्तीस वर्षं काढलेली, त्यातली शेवटची अकरा हेड नर्स म्हणून. वॉर्डातल्या मुली मला पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणायच्या. मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. निवृत्त झाले आणि परदेशात लेकीकडे राहायला आले. दोन महिन्यांत भिंतींशी बोलायची वेळ आली. शेवटी जावईच म्हणाले, “आई, त्या दवाखान्यात फुकट काम करणारी माणसं हवीच असतात. जाता का?” निघताना लेकीने बजावलं, “आई, पहिल्याच दिवशी कोणावर ओरडू नकोस हं.” तर हा तो पहिला दिवस. तिथली भाषा मला बाजारापुरती येत होती, पण भांडायला तेवढी पुरते.

“मावशी, कोणाचा जोड हा?”

“त्या बाईचा.” तिने झाडाकडे बोट दाखवलं. सात-आठ महिन्यांची गरोदर बाई खोडाला टेकून बसली होती, डोळे मिटून.

“नात्यातली आहे तुमच्या?”

“नाही हो ताई.”

“मग पुढे का घेतलंत?”

“पट्टा बघा ना तिचा.”

“मला पट्टेबिट्टे दाखवू नका! लोक पहाटेपासून बसलेत इथे.”

असल्या फाटकवाल्या मी आयुष्यभर पाहिल्या होत्या. काहीतरी हातावर पडल्याशिवाय कोणी कोणाला पुढे सोडत नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तडक मदरकडे गेले. मदर म्हणजे तिथल्या मुख्य नन, फार मऊ बाई. बँडेजच्या गुंडाळ्या मोजता मोजता म्हणाल्या, “तुम्ही अनुभवी आहात, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” मला तेवढंच हवं होतं.

वहीचे कागद फाडले, एक ते साठ आकडे घातले, कोण कधी आलं ते विचारून एकेकाच्या हातात चिठ्ठी दिली. चपला ज्याच्या त्याला परत. ती गरोदर बाई सगळ्यांत उशिरा आलेल्यांपैकी. नवऱ्याने हातगाडीवर घालून आणलं होतं आणि तो लगेच कामावर पळाला होता. तिला त्रेपन्न नंबर आला. म्हणजे आज तिची पाळी येणारच नव्हती. चिठ्ठी दिली तर तिच्या बोटांतून गळून पडली. मी उचलली, तिच्या मुठीत कोंबली आणि पुढे गेले. तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. छत्तीस वर्षं नोकरी केली आणि पाहिलं नाही!

मग मी दाराशी टेबल टाकून बसले. पाळी येईल त्याचं वजन, ताप, रक्तदाब घ्यायचा आणि आत सोडायचं. काम कसं घड्याळासारखं चाललं होतं. फाटकवालीला काही कामच उरलं नव्हतं. ती त्या बाईजवळ जाऊन बसली, तिला पाणी पाजलं, आणि दहाच्या सुमाराला माझ्याकडे आली.

“ताई, तिचं डोकं फार दुखतंय म्हणते.”

“इथे कोणाचं दुखत नाही?” मी वर न बघताच म्हटलं. नंबर आधी लागावा म्हणून डोकं दुखणारे मी हजारांनी पाहिले होते. पण मनात पाल चुकचुकली. चुकचुकली आणि मी तिला गप्प बसवलं, कारण आता माघार घेतली असती तर माझं नाक कापलं गेलं असतं.

एकोणीस. वीस. एकवीस. फाटकवाली झाडाखालून हलेना. मध्येच उभी राहायची, माझ्याकडे बघायची, पुन्हा बसायची. तिच्या त्या बघण्याने माझं लक्ष उडालं. एकाचा रक्तदाब दोनदा घेतला, एकाचं वजन दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलं. साडेअकराला चोविसावा नंबर आत गेला, तेव्हा ती तरातरा आली आणि तो जोड धाडकन माझ्या वहीवर ठेवला.

“अहो, वेड लागलं का तुम्हाला?” मी ओरडले.

“लागू दे,” ती म्हणाली. “माझा नवरा चपला शिवायचा. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसले. मग त्याचेच पाय सुजायला लागले. मी काय करायची, तर त्याच्या चपलेच्या पट्ट्याला पुढे एक भोक पाडून द्यायची. मग आणखी एक. मग पट्टा पुरेना, तर तोही कापून दिला. त्याला बरं वाटावं म्हणून हो! कापल्यावर बाराव्या दिवशी गेला तो. तेव्हापासून मी लोकांच्या चपलाच बघते. हा बघा. आज सकाळी कापलाय.”

मी पाहिलं. बक्कल लावायच्या पट्ट्याला चार भोकं होती. पहिलं जुनं, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. बारीक पावलाची बाई होती ती. पुढची तीन खिळ्याने पाडलेली, वेडीवाकडी, ताजी. आणि तीही पुरली नाहीत म्हणून पट्टाच मधोमध सुरीने कापलेला. आतलं चामडं अजून पांढुरकं होतं.

रक्तदाबाचं यंत्र उचललं आणि पळत सुटले.

“बाई, डोळ्यांपुढे काही दिसतंय का?”

“ठिणग्या,” ती कशीबशी म्हणाली.

नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडला, तो भरेचना. दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरली. वरचा आकडा एकशे नव्वद. खालचा एकशे वीस. गरोदर बाईला एवढा म्हणजे कधीही झटका येणार. हे यंत्र सकाळपासून माझ्या टेबलावर पडून होतं, तिच्यापासून वीस पावलांवर.

“डॉक्टर!” मी अशी काही किंचाळले की माझ्या वॉर्डातल्या मुलींना तिकडे ऐकू गेलं असेल. डॉक्टर दारात येतात न येतात तोच तिला झटका आला. दातखीळ बसली, अंग ताठ झालं आणि थडथडा उडायला लागलं. मी तिला कुशीवर वळवलं, डोकं दगडावर आपटू नये म्हणून मांडीवर धरलं. फाटकवालीने पाय धरले. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. चार मिनिटं लागली शांत व्हायला. ती चार मिनिटं मला जन्मभर पुरतील.

मोठं इस्पितळ दोन तासांवर. मिशनच्या गाडीत तिला आडवं घातलं, डॉक्टर स्वतः सोबत बसले. बसता बसता कडाडले, “ही सकाळपासून इथे बसलीय? फाटकावर कोण होतं?”

सगळ्यांनी फाटकवालीकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी राहिली. तिची नोकरी, तिची ती खोली, सगळं डॉक्टर आणि मदरच्या एका शब्दावर होतं, आणि तरी तिने माझं नाव घेतलं नाही.

“मी,” मी म्हटलं. “मावशींनी तिला तिसरी ठेवलं होतं. मी तिला त्रेपन्नावी केलं.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचं दार ओढून घेतलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उरलेली तीस-पस्तीस माणसं आपापल्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवून मुकाट्याने घरी गेली. तिचा जोड वहीवर तसाच राहिला. ती अनवाणी गेली होती.

संध्याकाळी लेकीने हसत विचारलं, “मग? ओरडलीस की नाही कोणावर?” मला रडू आवरेना.

पुढच्या बुधवारी पाय उचलत नव्हते, तरी गेले. डॉक्टरांकडून एवढंच कळलं की पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती, ऑपरेशनला घेतलं, त्यापुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. चिठ्ठ्यांचं नाव कोणी काढलं नाही. चपलांची ओळ पुन्हा लागली होती आणि सगळ्यांच्या पुढे, दाराला लागून, तो कापलेल्या पट्ट्याचा जोड होता. लोक त्याला वळसा घालून आत जात होते. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच.

“मावशी, किती दिवस ठेवणार?” मी हळूच विचारलं.

“तिचा नंबर कुठे झालाय अजून,” ती म्हणाली.

तिसऱ्या बुधवारी एक माणूस फाटकाशी आला. अंगावर सिमेंटची धूळ, डोळे खोल गेलेले. हातगाडीवाला, तिचा नवरा. मावशी उभी राहिली, मीही उभी राहिले, पण विचारायची छाती दोघींनाही होईना. तो ओळीपर्यंत चालत आला, खाली वाकला आणि तो जोड उचलून छातीशी धरला. मेलेल्या माणसाच्या वस्तू न्यायला आलेली माणसं मी फार पाहिली आहेत. ती अशीच उचलतात. मी टेबलाची कड घट्ट धरली.

“मावशी,” तो म्हणाला, “हे पट्टे पुन्हा जोडून मिळतील का? सूज उतरली तिची. असेच नेले तर पायातून निसटतील.”

मावशी पुढे झाली. “आणि लेकरू?”

“मुलगी आहे. एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवलीय अजून, पण दूध पचतंय तिला.”

मावशीने खोलीतून नवऱ्याची पेटी आणली. आरी, दोरा, चामड्याचे तुकडे, सगळं जागच्या जागी होतं. मला म्हणाली, “ताई, धरा इथे. घट्ट धरा.” मी तिच्यासमोर जमिनीवर बसून पट्टा धरला. दोन्ही पट्टे शिवून झाल्यावर तिने बक्कल हातात घेतलं आणि त्याला विचारलं, “कितव्या भोकात लावू?”

“पहिल्या,” तो म्हणाला.