चायना ग्रासचा ज्वालामुखी

कुबरा दाभोळची. मस्कतला येऊन तिला अकरा वर्षं झाली. तिथल्या अल् घुब्रा भागातल्या एका छोट्या संशोधन केंद्रात ती मदतनीस आहे. भांडी धुते, उपकरणं मांडते आणि गेले दोन महिने जमीन शिजवते.

जमीन हवी होती प्रियांकाला. ती पुण्याची, भूशास्त्राची डॉक्टर. समुद्रापलीकडच्या एका ज्वालामुखीवर तिचं काम चाललं होतं. डोंगराच्या पोटात शिलारस दाटला की वरची जमीन फुगते. किती फुगली ते उपग्रह सांगतो. त्यावरून आत किती दाब साठलाय, याचं गणित मांडायचं. पायथ्याशी गावं आहेत. उठायचं की थांबायचं, हे त्यांना त्या गणितावरून कळणार.

गणित पडताळायला काचेची पेटी होती. पेटीत जिलेटिनची जमीन, तळाशी फुगा, फुग्याशेजारी मंद हीटर. फुग्यात ठरावीक दाबाची हवा भरायची आणि जमीन किती उचलली ते मोजायचं. आधी हीटर बंद ठेवून, मग लावून.

जिलेटिनचा डबा आला तेव्हा कुबराने तो उलटसुलट करून पाहिला. कुठल्या जनावराचं, हे लिहिलेलं नव्हतं. तिचं मन हात लावायला धजेना. विचारायचीही लाज वाटली. मॅडम म्हणतील, खायचंय का तुम्हाला? मग तिने आपल्या घरचा उपाय काढला. रमजानात इफ्तारीला दुधातलं चायना ग्रास, समुद्री शेवाळापासून होणारं, ती लहानपणापासून करत आलेली. तसंच, दूध-साखर न घालता, पेटीत ओतलं. दिसायला तेच, थरथरणारं. पेटीवर आणि नोंदवहीवर चिठ्ठी लावली: जिलेटिन.

नऊ प्रयोग झाले. गुरुवारी दुपारी प्रियांका खुशीत होती. हीटर लावा, नका लावू, जमीन तेवढीच उचलते. म्हणजे गणितातून उष्णता वगळली तरी चालेल. रविवारी दुपारी अहवाल जाणार होता.

पण चायना ग्रास कुबराला पक्कं ठाऊक होतं. भर उन्हाळ्यात, वीज गेलेली असताना, जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर तासभर ठेवलं तरी त्याची वडी मोडत नाही. ते उष्णतेला भीकच घालत नाही. मग उष्णतेने काय होतं, हे त्याला विचारून कसं कळणार?

त्या संध्याकाळी तिचा नवरा शाहबाज निझवाहून आला. तिथे तो एका कापडाच्या दुकानात आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. तिने त्याला सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात तिच्या कामाचा करार नव्याने व्हायचा होता, आणि मुलीची शाळा त्याच पगारावर चाललेली.

शाहबाज बराच वेळ चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "जमलंय ना त्यांचं? खलास. तू कशाला ढवळतेस?"

"ढवळतोयस तू. साखर कधीच विरघळली." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तिथं पायथ्याशी माणसं राहतात."

शनिवारी तिने चार दुकानं पालथी घातली. पाचव्या दुकानात हलालचा शिक्का असलेलं जिलेटिन मिळालं. ते शिजवून तिने घरच्या फ्रिजमध्ये लावलं. त्यासाठी मासे शेजारणीकडे ठेवायला दिले.

रविवारी ती बर्फाची पेटी घेऊनच प्रयोगशाळेत शिरली. प्रियांकाने हसून विचारलं, "आपा, सहलीला निघालात?"

कुबराने आधी पेटी खाली ठेवली. मग सगळं सांगितलं. नऊच्या नऊ वेळा पेटीत चायना ग्रासच होतं.

प्रियांका खुर्चीत बसली. चिडली असती तर कुबराला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "आणि हे?"

"हे खरं जिलेटिन. लावून बघा."

नवी जमीन काचेच्या पेटीत बसवली. हीटर बंद असताना ती आधीच्या नऊ वेळांइतकीच उचलली. हीटर लावून दोघी वाट बघत बसल्या. फुग्याजवळचा भाग कोमट झाला. मग तोच दाब दिला, आणि जमीन जवळजवळ दुप्पट वर आली. प्रियांकाने परत मोजलं. तिसऱ्यांदा कुबराला मोजायला लावलं.

तापलेला खडक मऊ होतो आणि थोड्या दाबानेही खूप फुगतो. तो थंड, कडक आहे असं धरून चाललं, तर त्याच फुगवट्यावरून आतला दाब भलताच जास्त निघतो, आणि गावं विनाकारण उठवली जातात. प्रियांका हे बोलत होती, पण कुबराला ते केव्हाच कळलं होतं.

मग प्रियांकाने संचालकांना फोन लावला. बोलणं लांबलं, सगळं इंग्रजीत. कुबराला त्यातलं एकच वाक्य स्पष्ट कळलं: हे तिने स्वतः येऊन सांगितलं. फोन ठेवून प्रियांका म्हणाली की अहवाल महिनाभराने जाईल, आणि तोवर कुबराच्या कराराला कुणी हात लावणार नाही. पुढचं नंतर बघू.

"ते नऊ प्रयोग टाकून द्यायचे?" कुबराने विचारलं.

"छे. उष्णतेने न बदलणारी जमीन अशीच वागते. तुलनेला लागतील ते." प्रियांकाने कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. "फक्त या वेळी नाव खरं लिहा."

कुबराने नोंदवहीवरची जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. नव्या चिठ्ठीवर सावकाश अक्षरं काढली: चायना ग्रास. मग बाही सावरून जिलेटिनची दुसरी जमीन शिजवायला ठेवली.